लिंबाजी मिस्त्रींचे तीन ढीग

जुनं लोखंड हातात आलं की माझ्या अंगठ्याचं नख आपोआप त्याच्यावरून फिरतं. विळी असो, कुलूप असो, नाहीतर मोटेच्या चाकाचा आस असो. घरातले हसतात. हसू द्या. ही खोड मला लिंबाजी मिस्त्रींनी लावली, आणि त्यांच्यामुळंच माझे दोन्ही हात आज शाबूत आहेत, हे घरच्यांना कुठं ठाऊक आहे?

गोष्ट निजामाच्या राज्यातली, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांतली. जालन्याच्या एका जिनिंगात मी इंजिनावर डायवर होतो. सगळं जिनिंग एका आडव्या तेलइंजिनावर चालायचं. माणसाएवढाल्या दोन चक्क्यांचं ते धूड पट्ट्यानं सरक्या काढायच्या यंत्रांना फिरवायचं आणि मी दिवसभर त्याच्या शेजारी उभा असायचो, तेल घालत, कान लावत. दसऱ्याला इंजिन सुरू व्हायचं ते कपास संपेपर्यंत. मग पावसाळ्यात ते सगळं खोलायचं, धुवायचं, तपासायचं आणि पुन्हा जोडायचं. ते काम मिस्त्रींचं.

लढाई नव्हती तोवर त्यात काही विशेष नव्हतं. झिजलं ते काढायचं, पेटीतून नवं काढून बसवायचं. पण विलायतेचा माल यायचा बंद झाला आणि पेटी रिकामी झाली. मग पावसाळा आला की एकच सवाल उरायचा: हे जुनंच पुन्हा घालायचं का? चालेल का? त्या सवालाचं उत्तर जालन्यात ज्यांच्या तोंडून निघालं की लोक गप बसत, ते लिंबाजी मिस्त्री.

दिसायला काही नाही. काटकुळे, काळे, डोक्याला तेलकट पटका, पुढचे दोन दात गेलेले. अंबडकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. तरुणपणी रेल्वेच्या कारखान्यात लोहारकाम शिकून आले आणि शेतीकडं परत फिरकले नाहीत. चालायचे हळू, बोलायचे त्याहून हळू. त्यांच्याजवळ मापाची हत्यारं म्हणाल तर तीन. पहिलं, उजव्या अंगठ्याचं वाढवलेलं नख. दुसरं, सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद, जो ते फट मोजायला शेठच्या मुनिमाकडून मागून आणत. स्वतः सिगारेट कधी ओढली नाही. आणि तिसरा, कान. दांडा दोरीला टांगायचा, छोट्या हातोडीनं टिचकी मारायची आणि डोळे मिटून ऐकायचं. चांगलं लोखंड लांबवर गात जातं. चिरलेलं ठस्स करतं नि गप होतं. कानाला शंकाच आली, तर तो तुकडा राकेलात बुडवायचा, कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड टाकायची. चीर असली तर आत शिरलेलं राकेल पाझरून पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. पण ही पूड टाकायची पाळी त्यांच्यावर क्वचितच यायची. कान बास होता.

इंजिन खोललं की अंगणातल्या लिंबाखाली गोणपाट अंथरून ते तीन ढीग घालत. उजवीकडला ‘चालंल’. मधला ‘हलक्या कामाला’. डावीकडला ‘माती’.

“काय बघून ठरवता मिस्त्री?” मी एकदा विचारलं.

“दमलंय का मेलंय, येवढंच बघायचं,” ते म्हणाले. “झिजलेलं दिसतं म्हणून मेलं आसं न्हाई. दमलेलं लोखंड काम मागतं, दत्तू. मेलेलं लोखंड माणूस मागतं.”

घाई कुणी केली की त्यांचं काम आणखी हळू व्हायचं. एकदा टेंभुर्णीचे एक चक्कीवाले, केशवराव, बैलगाडीतून इंजिनाचा पिष्टन घेऊन आले. वाटेत धक्का लागू नये म्हणून चांगल्या गोधडीत गुंडाळलेला. मिस्त्रींनी तो मांडीवर घेतला आणि तासभर त्याच्यावरून नख फिरवत बसले. केशवराव बिचारे उन्हात उभे. मिस्त्री विचारताहेत काय, तर दळण किती येतं, जोंधळा जास्त का बाजरी, चक्की दिवसातून किती टाइम चालते. शेवटी केशवराव वैतागले.

“मिस्त्री, तुम्ही लोखंड बघून राह्यले का सोयरीक?”

“सोयरीकच हाय,” मिस्त्री म्हणाले. “ह्याला आता म्हातारी समजा. पाणी भरायला लावू नका, पोरं सांभाळायला ठिवा. निम्मंच दळण घ्या, मदी मदी इसावा द्या. धा वर्सं जगंल.”

तो पिष्टन मधल्या ढिगातला. केशवराव त्याला पुन्हा गोधडीत गुंडाळून घेऊन गेले.

बोल्टांच्या बाबतीत मात्र मधला ढीग नव्हताच. कनेक्टिंग दांड्याचे बोल्ट काढले की ते कितीही चकचकीत असोत, मिस्त्री थेट ‘माती’त टाकत आणि गावातल्या लोहाराकडून आपल्या देखरेखीखाली नवे घडवून घेत. “बोल्टाला दुसरं लगीन न्हाई,” म्हणायचे. शेठ कुरकुरायचे. मी पण एकदा म्हणालो की हे जरा जास्तीच होतंय. तेव्हा त्यांनी मला इस्माईलची गोष्ट सांगितली.

परतूरकडं एका जिनिंगात मिस्त्री नवे होते तेव्हाची. तिथं इस्माईल नावाचा डायवर होता, माझ्याच वयाचा. मालकानं लकडा लावला म्हणून मिस्त्रींनी जुनेच बोल्ट पुन्हा आवळून दिले. दिसायला बराबर होते. आठव्या दिवशी एक तुटला, दांडा मोकळा सुटला आणि इस्माईलचा उजवा हात कोपरापासून गेला. “त्यानं मला यक शब्द म्हणला न्हाई,” मिस्त्री सांगत होते. “दवाखान्यात डाव्या हातानं माझ्यासाठी बिडी काढून दिली. त्यानं शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं रे.”

तेव्हापासून त्यांची एक रीत होती. दसऱ्याला इंजिन सुरू करायच्या आधी ते माझे दोन्ही हात आपल्या हातात घेत, उलटेपालटे करून बघत आणि अंगठ्याचं नख एकेका बोटावरून फिरवत. मोजून धा. हंगाम संपला की पुन्हा तसंच. पोती भरणाऱ्या बाया हसायच्या, मिस्त्री डायवरचा हात बघून नशीब सांगतात म्हणायच्या. मला लाज वाटायची. पण हात मागं घ्यायची माझी कधी छाती झाली नाही.

आणखी एक रीत होती त्यांची, जी मी दुसऱ्या कुठल्या मिस्त्र्याकडं पाहिली नाही. खंडेनवमीला सगळीकडं हत्यारं, यंत्रं पुजतात. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही. आमचे मिस्त्री ‘माती’च्या ढिगातलं लोखंडही पुजायचे. बाद केलेला तुकडा कुणी मागच्या दारानं पुन्हा बसवू नये म्हणून ते तो घणानं मोडून टाकत, पण मोडायचं ते दसऱ्यानंतर. “राबलंय ते. पुजल्याबिगर मोडू ने,” म्हणायचे. सगळे तुकडे राकेलात धुवून, पुसून पाटावर मांडायचे. उजवीकडं ‘चालंल’ म्हणून ठेवलेले, डावीकडं मरायला निघालेले. आणि घराणं खंडोबाचं, म्हणून वरून भंडारा उधळायचा, हळदीची पिवळीधमक पूड. दोघांवर सारखीच.

आता मला जे सांगायचं नाही ते सांगतो.

लढाईचं चौथं का पाचवं वर्ष असेल. मिस्त्रींचा कान गेला होता. एकदम नाही, हळूहळू. तीस-पस्तीस वर्षं इंजिनाशेजारी काढल्यावर दुसरं काय होणार? मी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला बघायचे. मग तिसऱ्या. मी मोठ्यानं बोलायची सवय लावून घेतली. कुणी विचारलं तर म्हणायचो, इंजिनाचा आवाज असतो ना. पावसाळ्यात इंजिन बंद असायचं तेव्हासुद्धा मी ओरडतच होतो. मुनिमाला ठाऊक होतं, पोती भरणाऱ्या बायांना ठाऊक होतं. सगळ्यांनी मिळून म्हाताऱ्याची लाज राखली. वाटलं, भलं करतोय. अरे, कसलं भलं!

त्या पावसाळ्यात कनेक्टिंग दांड्याचाच प्रश्न आला. पिष्टनाचा सगळा रेटा चक्क्यापर्यंत नेणारा, कमरेइतक्या उंचीचा दांडा. आमच्याकडं दोन होते, एक चालू इंजिनातला आणि दुसरा जुळ्या इंजिनातला, जे सुट्या भागांसाठी खोलून ठेवलं होतं. मिस्त्रींनी दोन्ही लिंबाला टांगले, टिचक्या मारल्या. त्या दिवशी ते फार वेळ डोळे मिटून उभे होते. मग पुन्हा मारल्या. मी इंजिनघरात होतो, चक्का घासत. शेवटी चालू इंजिनातला दांडा त्यांनी उजवीकडं ठेवला आणि जुळ्यातला डावीकडं, ‘माती’त.

खंडेनवमीच्या सकाळी पूजा झाली. झेंडूच्या माळा, नारळ, उदबत्ती. मिस्त्रींनी “येळकोट येळकोट” म्हणत मूठ मूठ भंडारा उधळला. शेठ येऊन नमस्कार करून गेले, उद्याचा मुहूर्त सकाळी नऊचा आहे, फाटकाबाहेर कपाशीच्या गाड्या लागल्यात, असं सांगून गेले. आम्ही प्रसाद खाल्ला. बाया घरी गेल्या. मी रिकामं ताट ठेवायला पाटाजवळून गेलो तर उजवीकडच्या, उद्या पहाटे इंजिनावर चढवायच्या दांड्यावर, मानेजवळ, हळदीत एक काळा केस चिकटलेला दिसला. देवाच्या पाटावर केस नको, म्हणून मी वाकून चिमटीत धरायला गेलो.

निघेना. पुन्हा धरला. बोटाला नुसती ओली हळद लागली आणि वास आला राकेलाचा.

मी तसाच वाकलेला राहिलो. पाठीमागं मिस्त्री येऊन उभे राहिले होते. त्यांनी माझ्या बोटाकडं पाहिलं, रेघेकडं पाहिलं. मग डावीकडच्या दांड्यापुढं बसले आणि चेहरा पार हळदीला टेकेपर्यंत खाली नेऊन त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. तिथं काही नव्हतं. स्वच्छ पिवळा.

जो चालेल म्हणून ठेवला तो चिरलेला. जो मोडायला काढला तो धडधाकट.

“दत्तू,” ते म्हणाले, “दोन्ही दांडे टांग.”

“आज खंडेनवमी हाय मिस्त्री. हातोडी...”

“हातोडी नगं. गोटा घे.”

रांजणाखालचा एक गुळगुळीत गोटा मी घेतला. दांडे लिंबाला टांगले. मिस्त्री माझ्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. “कोन्ता वाजवतो ते सांगू नगं. वाजव, आन् मी फिरलो की बोट दाखव.”

मी वाजवला. चांगला होता, गात राहिला, लिंबावरच्या साळुंक्या उडाल्या. मिस्त्री फिरले. “मेलेला,” म्हणाले. मी बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली नि पुन्हा भिंतीकडं वळले. दुसऱ्यांदा मी चिरलेला वाजवला. ते कितीतरी वेळ फिरलेच नाहीत. मला वाटलं विचार करताहेत. मग कळलं, मी वाजवलाय हेच त्यांना कळलं नव्हतं.

मला रडू आलं हो. बाप्या माणूस, दोन लेकरांचा बाप, हातात गोटा घेऊन रडत होतो.

असं धा वेळा त्यांनी मला वाजवायला लावलं. कुठल्याही तुकड्याला तपासावं तसं स्वतःला तपासलं, एकदाही सूट घेतली नाही. मग पाटाच्या कडेला बसले.

“त्या दिवशी दोन्ही सारखेच वाजले,” म्हणाले. “ठस्स, ठस्स. म्या म्हणलं, दोन्ही कसे मेले आसतील? हा सरळ दिसतो, हा चालंल. येवढी वर्सं खडूची पूड घ्यायची पाळी आली न्हाई ना. पूड घेतली आसती तर तू म्हणला आसता, मिस्त्रीला ऐकू येत न्हाई.”

“मला ठाऊक व्हतं मिस्त्री,” मी म्हणालो. ओरडूनच सांगावं लागलं, त्याची जास्त शरम वाटली. “दोन साल झाले ठाऊक हाय.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग मी एक सुचवलं. माझी अक्कल तेवढीच. म्हणालो, “गुपचूप बदलून टाकू. शेठला बेअरिंगचं निमित्त सांगू. डावीकडचा बसवू, उजवीकडचा मोडू. आपल्या दोघांबिगर कुणाला कळत न्हाई. तुमची इज्जत बराबर राहती.”

“आन् पुढच्या साली?” मिस्त्री म्हणाले. “पुढच्या साली हळद पडंलच कशावरून?”

दसऱ्याला सकाळी नऊला शेठ आले, भटजी आले, बाया नवी लुगडी नेसून आल्या. फाटकाबाहेर बैलांच्या घंटा वाजत होत्या. इंजिनावर दांडा नव्हता. मिस्त्री पटका काढून हातात घेऊन उभे होते.

“शेठ, म्या चुकलो,” त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. “चिरलेला दांडा म्या पास केल्ता. माझा कान गेलाय. दुसरा दांडा बसवायला तीन दिवस लागत्याल, बेअरिंग नव्यानं वतावं लागंल. ह्येच्या पुढं मी कुनाचं लोखंड पास करनार न्हाई.”

शेठ थकलेला माणूस होता, वाईट नव्हता. गाड्यांकडं बघत म्हणाले, “मिस्त्री, मुहूर्त गेला तर जाऊ दे. पण हे सगळ्यांसमोर काहून बोलले? मला एकट्याला सांगायचं.”

“एकट्याला सांगितलं आसतं तर तुम्ही मला ठिवून घेतलं आसतं,” मिस्त्री म्हणाले.

तीन दिवस ते कामाला लागले. सिगारेटचा कागद घालून घालून बेअरिंग जुळवलं, नवे बोल्ट घडवून आणले. नख अजून शाबूत होतं. इंजिन सुरू झालं तेव्हा त्यांनी माझे हात बघितले नाहीत. कोपऱ्यात उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घण उचलला आणि चिरलेला दांडा मोडला. चौथ्या घावाला तुटला. आत बघितलं तर दोन बोटं जाडीचं लोखंड आधीच चिरलेलं, काळं, तेलानं माखलेलं. आणि कडेला नखाएवढी पट्टी चकाकणारी, आत्ता तुटलेली.

“ह्या येवढ्याशा चकाकीच्या भरवशावर म्या तुला उभं करनार व्हतो,” ते म्हणाले. मग छोटी हातोडी माझ्या हातात दिली. “तुझा कान अजून हाय. पर पूड इसरू नगं. दर बारीला पूड.”

मिस्त्रींच्या घरात तसं कुणी नव्हतं. कारभारीण आधीच गेलेली, एकुलती लेक जांबकडं दिलेली. ती न्यायला आली होती, पण मिस्त्री तिच्याकडं गेले नाहीत. टेंभुर्णीचे केशवराव येऊन त्यांना गाडीत घालून घेऊन गेले. जाताना मिस्त्री म्हणाले, “हलक्या कामाला चाललोय.” म्हणाले नि स्वतःच हसले. दात नसलेलं ते हसू मला बिलकुल आवडलं नाही.

लढाई संपली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी टेंभुर्णीला गेल्तो. नात्यातलं लग्न होतं. चक्कीचा आवाज ऐकून तिकडं वळलो. इंजिन हळू चाललं होतं, पुक पुक करत, मधे मधे दमल्यासारखं. पिष्टन तोच. शेजारी पाटावर मिस्त्री बसले होते, डोळे मिटून, उजवा तळहात इंजिनाच्या अंगावर ठेवून. केशवराव सांगत होते, कुठं काही बिघडायला लागलं की म्हाताऱ्याला हातातून कळतं, चक्की बंद करा म्हणतो, आणि खरंच काहीतरी निघतं.

मी हाक मारली. मोठ्यानं मारली. दळणाला आलेल्या बाया वळून बघायला लागल्या, मिस्त्री बघेनात. मग मी समोर जाऊन बसलो नि त्यांच्या गुडघ्याला हात लावला.

त्यांनी डोळे उघडले. ओळखायला वेळ लागला. मला सांगायचं होतं की दांडा अजून गातोय, दर पावसाळ्यात मी पूड टाकतो, एकदाही चुकलो नाही. तोंड उघडलं, पण काय बोलणार नि कुणाला ऐकू जाणार? त्यांनी तोवर माझे दोन्ही हात धरले होते. पालथे केले, उताणे केले. पिठानं पांढरं झालेलं ते नख एकेका बोटावरून फिरायला लागलं, करंगळीपासून करंगळीपर्यंत, सावकाश. ओठ हलत होते. मधे चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“धाही हायेत,” म्हणाले.

मग त्यांनी माझे हात माझ्याच मांडीवर नीट ठेवून मला परत दिले, आणि आपला तळहात पुन्हा इंजिनावर ठेवला.